स्वेटर वाळतो कसा?

खुनी कोण हे मला पहिल्याच भागात कळतं, अशी आमच्या घरात ख्याती आहे. ती मीच पसरवली आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. त्यातल्या वाचनालयात मिळाल्या तेवढ्या मी लहानपणी फस्त केल्या. तेव्हापासून त्यांचे नायक झुंजार, काळा पहाड आणि मग थेट मी, असा क्रम माझ्या मनात ठरून गेला आहे. त्यामुळे ‘द किलिंग’ ही २०११ सालची अमेरिकी मालिका लावली तेव्हा मी तक्क्याला रेलून, लेखकमंडळींना थोडी सवलत द्यायच्या विचारात होतो.

सुरुवात फक्कड. सिअ‍ॅटल शहर, तळ्यातून ओढून काढलेली मोटार, डिकीत रोझी लार्सन ही शाळकरी पोरगी, आणि मोटार महापौरपदाच्या उमेदवाराच्या प्रचारातली. एक भाग म्हणजे तपासाचा एक दिवस. एवढं भांडवल हाताशी असताना माणूस काय काय करेल! यांनी काय केलं, तर एसटीत प्रवासी चढावेत तसे संशयित चढवले आणि पुढच्या थांब्यावर उतरवले. मीही हिरिरीनं आरोपी बदलत राहिलो. ‘मला याचाच संशय होता’ हे तर मी प्रत्येकाबद्दल म्हणालो. सकाळी चहाचा कप पुढ्यात ठेवताना बायको सांगायची, “अहो, तुमचा कालचा खुनी सुटला बरं का.”

पण खरं सांगायचं तर माझा तपास वेगळ्याच दिशेनं चालला होता. सारा लिंडन ही तपास अधिकारी सदा जाड लोकरीच्या स्वेटरात. बाहेर सदा पाऊस. छत्रीचं नाव नाही. मग तो स्वेटर वाळतो कुठे? सिअ‍ॅटलच्या पावसाचं कौतुक मला सांगू नका. वर्षाला साधारण ९५० मिलिमीटर, म्हणजे मुंबईचा एकटा जुलै जवळपास तेवढा ओततो. मी चिपळूणचा. आमच्याकडे आषाढात आजी शेगडीत निखारे घालून वर बांबूची टोपली उपडी ठेवायची आणि तिच्यावर धाकट्या भावाची लंगोटं पसरायची. ती कोरडी व्हायची, पण बाळाला दिवसभर धुराचा वास. सुती लंगोटाची ही कथा, तर लोकरीचं काय होत असेल! त्यात ही बाई राहते आधी कोणाच्या तरी बोटीवर, मग मोटेलात. दोरी कुठे बांधते? लग्नासाठी कॅलिफोर्नियाला जायचं तिचं विमान दर खेपेला चुकतं, त्याचं कारणही मला तेच वाटतं. सामान ओलं असताना बॅग भरणार कशी?

पहिल्या भागातला एक प्रसंग मात्र मला अजून छळतो. रोझीचा बाप तळ्याकाठी पोचलाय, आई फोनवर आहे. तिला कोणी काही सांगत नाही. तिला फक्त नवऱ्याचा आक्रोश ऐकू येतो. आईच्या भूमिकेतली मिशेल फोर्ब्स त्या वेळी जे करते ते बघताना मी तक्क्यावरून उठून बसलो, आणि खुनी कोण हा प्रश्नच मला जरा निर्लज्जपणाचा वाटला. म्हणूनच चीड येते. याच बापाच्या हातून रोझीच्या मास्तरला, बेनेट अहमदला, मरेस्तोवर मार खायला लावतात. मास्तर एका सोमाली मुलीला वाचवायला धडपडत होता, खुनाशी त्याचा काही संबंध नाही. तो इस्पितळात पडतो आणि कथा त्याला ओलांडून पुढच्या संशयिताकडे जाते. त्या माणसाची हाडं मोडली ती केवळ आमची दोन-तीन भाग करमणूक व्हावी म्हणून.

तेराव्या भागाअखेर पहिला हंगाम संपला, खुनी सांगितलाच नाही. अमेरिकेत प्रेक्षक भयंकर चिडले होते म्हणे. मी नाही चिडलो. मला कोणी खोटं पाडलं नव्हतं. पुढच्या तेरा भागांनंतर निघालं की पोरीला मारहाण केली ती उमेदवाराच्या माणसानं, आणि डिकीत कोण आहे हे न कळता मोटार तळ्यात लोटली ती तिच्या सख्ख्या मावशीनं. मावशी! तिच्यावर माझी नजरच गेली नव्हती.

मग मी मूळ डॅनिश मालिका काढली, २००७ सालची, वीस भागांची. तिथे खुनी निघतो बापाच्या हाताखाली काम करणारा घरचा माणूस. अमेरिकेतल्या त्याच माणसावर, बेल्कोवर, मी बोट ठेवलं होतं! तर्क अचूक होता, फक्त देश चुकला. हे मी स्वयंपाकघरात जाऊन जाहीर केलं.

“बेल्कोच्या आधी आणि नंतर किती जणांना धरलं होतंत?” बायकोनं कणीक मळता मळता विचारलं.