चाकांच्या खुर्चीसह पाचगणीस जाण्याचा यथासांग विधी

सह्याद्रीचे दर्शन घेण्याची इच्छा मनुष्यमात्रास उपजत असली, तरी वाटेत चार पायऱ्या आडव्या येताच ती आपोआप लोप पावते, याविषयी आमचे उपाहारगृहचालक, देवस्थानांचे विश्वस्त आणि बांधकाम खात्याचे अंमलदार यांचे एकमत झालेले दिसते. तथापि ज्यांची इच्छा अशी लोप पावत नाही असे काही हट्टी इसम समाजात आढळतात, आणि त्यांतील एखादा आपल्याच नात्यात निघाल्यास पुण्याहून वाईमार्गे पाचगणीपर्यंतचा, जाऊन येऊन सुमारे दोनशे किलोमीटरांचा, एका दिवसाचा प्रवास तडीस कसा न्यावा, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. उदाहरणादाखल प्रवासी म्हणून एक मावशी घेऊ. त्या गणिताच्या निवृत्त शिक्षिका असून कमरेखाली हालचाल व संवेदना नसल्यामुळे बरीच वर्षे व्हीलचेअर वापरीत आहेत. या अनुभवाची दखल मात्र संयोजकाने चुकूनही घेऊ नये; घेतल्यास सारा बंदोबस्त त्यांच्याच मसलतीने करावा लागेल, आणि परोपकाराचे श्रेय विनाकारण विभागले जाईल.

प्रथम मोटारीची तजवीज. घडीच्या खुर्चीचे वजन पंधरा ते वीस किलो असते आणि घडी घातली तरी तिची चाके काही लहान होत नाहीत. उलटपक्षी इंधनाच्या काटकसरीसाठी आपण हौसेने बसवून घेतलेली सीएनजीची टाकी डिकीत जन्माची वतनदार होऊन बसलेली असते. हा शोध प्रस्थानाच्या सकाळी, सोसायटीच्या फाटकापाशी, शेजाऱ्यांच्या साक्षीने लावावा असा शिरस्ता आहे. अशा प्रसंगी खुर्ची मागील आसनावर सन्मानाने बसवावी व ज्या भाच्याने टाकीची शिफारस केली होती त्यास एसटीने मागाहून येण्यास सांगावे. आता मावशींनी मोटारीत बसावयाचे. पुढील आसन मागे सरकवून, खुर्ची जवळ तिरकी लावून, ब्रेक आवळून, पायटे बाजूस करून, दोहोंमध्ये एक गुळगुळीत फळी टाकली की त्या हातांच्या जोरावर पाहता पाहता आत सरकतात. म्हणून त्यांनी फळी टाकण्यापूर्वीच संयोजकाने धावत जाऊन त्यांना काखेत धरून वर ओढावे. ज्यांचे हातच पायांचे काम करतात त्यांचा खांदा दुखावला म्हणजे पुढे कित्येक आठवडे त्या जागच्या हलू शकत नाहीत, आणि मग आपणांस सेवेची संधी अखंड मिळत राहते.

मुक्कामांची चौकशी दूरध्वनीवर आगाऊ करावी. "व्हीलचेअर आत येते का?" असा मोघम प्रश्न विचारल्यास "येते की साहेब, सगळं ग्राउंड फ्लोअरच आहे" असे उत्तर हमखास मिळते, व अधिक खोदून विचारल्यास "फक्त तीन पायऱ्या" एवढा तपशील त्यात भर म्हणून येतो. 'फक्त' या परिमाणात किती सेंटिमीटर असतात याचा निर्णय वजनमापे खात्याने अद्याप दिलेला नाही. त्यावर "काळजी नको, आपली चार पोरं आहेत, अलगद उचलतील" असे अभयवचन मिळते. ही चार पोरे प्रत्यक्षात खरोखरच असतात आणि मनाने फार चांगली असतात. ती खुर्चीस जेथे हात पोहोचेल तेथे धरतात, आणि जेथे हात पोहोचतो ते हातटेके व पायटे नेमके काढघालीचे असल्यामुळे पहिल्याच पायरीवर दोघांच्या हाती सुटे भाग राहतात व उरलेल्या दोघांच्या हाती मावशी. खुर्ची उचलावयाची तर मूळ सांगाड्यास धरून उचलावी, आणि कोठे धरावे हे खुर्चीत बसलेल्यास विचारावे, हा नियम इतका सोपा आहे की तो पाळण्यात कोणतेच शौर्य उरत नाही.

शौचकूप हा या प्रवासाचा खरा मेरुमणी होय, आणि निसर्गसौंदर्यावरील कोणत्याही ग्रंथात त्याचा उल्लेख नसणे हे मराठी प्रवासवर्णनाचे वैगुण्य मानले पाहिजे. खुर्चीची रुंदी साधारण ६५ सेंटिमीटर. महामार्गावरील बहुतेक शौचकूपांच्या दारांची ६०. कमी पडणाऱ्या ५ सेंटिमीटरांवर मावशींच्या दिवसाचा सारा कार्यक्रम ठरतो. दार रुंद असल्यास उंबरा असतो, उंबरा नसल्यास आत भारतीय बैठक असते, आणि तिन्ही अनुकूल असल्यास आत झाडू, फिनेलचे डबे व मोडक्या खुर्च्या ठेवून बाहेरून कुलूप घातलेले असते, ज्याची किल्ली व्यवस्थापक सातारला घेऊन गेलेले असतात. यावर सूज्ञ नातलग सुचवितात की मावशींनी आदल्या रात्रीपासून पाणीच कमी प्यावे. मज्जारज्जूच्या विकारात मूत्रमार्गाच्या संसर्गाचे भय मुळातच अधिक असते व पाणी तोडल्याने ते वाढते, असे वैद्य सांगतात. परंतु वैद्यांना सहलींचा अनुभव बेताचाच असतो. संयोजकाने यात्रेचा इतर सर्व जामानिमा विसरला तरी चालेल, मात्र खिशात मोजपट्टी ठेवावी.

खंबाटकी ओलांडून सुरूर फाट्यावरून वाईस उतरल्यावर ढोल्या गणपतीचे दर्शन क्रमप्राप्त आहे. सरदार रास्त्यांनी १७६२ साली हे मंदिर कृष्णेच्या काठी बांधविले, तेव्हा पुराचे पाणी आदळून हानी होऊ नये म्हणून मागील भिंतीस मत्स्याचा आकार दिला, ज्यायोगे प्रवाह दुभंगून दोन्ही बाजूंनी निमूट निघून जातो. नदीच्या येण्याजाण्याची एवढी खातरजमा करणाऱ्या त्या दूरदृष्टीस चाकांचा विसर पडला याबद्दल अडीचशेहून अधिक वर्षांनी तक्रार करणे अप्रशस्त होय. त्यानंतर झालेल्या दुरुस्त्यांविषयी मात्र तोंड मिटूनच राहावे. मावशींची खुर्ची पायऱ्यांखाली उभी करून बाकीच्यांनी दर्शनास जावे. परत येईपर्यंत त्यांच्या मांडीवर भाविकांनी दोनतीन नाणी ठेविलेली असतील. ती चहाच्या खर्चात जमा धरावी.

मग पसरणीचा घाट लागतो. वाई सुमारे ७२० मीटर उंचीवर, पाचगणी सुमारे १२९० वर, आणि मधला रस्ता १२ किलोमीटरांचा. मावशी खिडकीतून खाली धोमचा जलाशय व पलीकडचा कमळगड पाहता पाहता तोंडी हिशेब करतात की हा चढ सरासरी एकवीस मीटर अंतरास एक मीटर उंची, एवढा सौम्य आहे. या हिशेबाकडे त्या वेळी कोणी लक्ष देऊ नये. घाटात मोटार सुरक्षित बाजूस घेता येईल अशा वळणावर थांबून त्यांना आसनावरूनच दरी पाहू देणे हा उत्तम उपाय असल्यामुळे तो टाळावा, आणि पुढे नामांकित 'पॉइंट'वरच न्यावे, जेथील कठड्याची वरची कड बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या बरोबर रेषेत येते. संयोजकाने कठड्यापलीकडचे वर्णन उच्च स्वरात करावे.

टेबललँडची कीर्ती तिच्या सपाटपणाबद्दल आहे आणि ती दुरून खरीही आहे. जवळून पाहता जांभ्याच्या खाचखळग्यांत खुर्चीची पुढची लहान चाके रुततात व स्वारी पुढच्या पुढे कोसळण्याचा संभव निर्माण होतो. अशा जमिनीवर खुर्ची उलटी फिरवून मोठ्या चाकांवर मागे ओढीत न्यावी, ही या लेखातील बहुधा एकमेव निरुपद्रवी सूचना होय. तीत एवढीच उणीव आहे की मावशींना पुढची शोभा न दिसता सोडून आलेली घोडेवाल्यांची रांग तेवढी दिसत राहते. त्यास त्यांची हरकत नसते. घोड्यावर बसण्यास भिणाऱ्या धडधाकट गृहस्थांकडे पाहण्यात त्यांचा वेळ बरा जातो.

भोजनास पाचगणीतील एखाद्या अशा उपाहारगृहात जावे जेथे 'दिव्यांगांचे स्वागत आहे' असा निळा फलक असेल. २०१६ च्या अधिनियमाने आणि २०१७ च्या नियमांनी विद्यमान सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी पाच वर्षांची मुदत दिली होती. ती उलटून गेल्यामुळे आता फलक तरी सर्वत्र लागले आहेत. फलकाखाली उतरण असते. तीवर दोन कुंड्या व मालकांची मोटारसायकल असते. हे सारे हलविल्यानंतर दिसते की दोन पायऱ्यांची ३० सेंटिमीटर उंची एक मीटर लांबीत उरकलेली असून वर चकचकीत फरशी बसविली आहे. टेबलापाशी पोहोचल्यावर वाढपी संयोजकाकडे वळून, "ह्यांना तिखट चालतं का?" असे विचारतो. संयोजकाने उत्तर देण्याच्या मोहात पडावे. मावशी त्याच वेळी दोन मिसळी, एक ताक आणि शेवटी स्ट्रॉबेरी क्रीम अशी मागणी त्यास सांगून मोकळ्या झालेल्या असतात.

निघताना अभिप्रायाची वही मागावी. ती चार फूट उंच गल्ल्यावर साखळीने बांधलेली असल्यामुळे मावशी सांगतील तसे संयोजकाने उभ्याने लिहून घ्यावे, आणि शुद्धलेखन त्या खालून वाचून घेऊन तपासतील याची जाणीव ठेवावी. मजकूर साधारण असा असतो: "सरकारी मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे उतार बारास एक. उंची ३० सेंटिमीटर, म्हणून लांबी ३६० हवी. आपण १०० दिली. पसरणीचा घाट याहून सहापट सोपा आहे. रीत चूक, उत्तर चूक. पुन्हा सोडवा."