बसतं, पण चालत नाही

आमच्या सोसायटीत कुणाला ताप आला की बी विंगमधल्या डॉक्टरांना फोन जातो, नळ गळायला लागला की वॉचमनला, आणि एखाद्या पोराने 'मला गेमिंग पीसी पाहिजे' म्हणून जेवणावर बहिष्कार टाकला की वॅटदादाला.

वॅटदादा हे अर्थात बारशाचं नाव नव्हे. माणूस सहकारी बँकेत नोकरीला, वय पस्तिशीच्या आगेमागे, खांद्याला काळी सॅक आणि सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात शिंप्याची टेप. डोंबिवलीत आमच्याकडे हा एक आहे. तुमच्याही सोसायटीत असणार. तो काही विकत नाही, कमिशन घेत नाही. दोन वस्तू एकमेकींशी जमतात की नाही, एवढंच त्याला बघायचं असतं.

२०२४ साली चिरंजीवांचा दहावीचा निकाल लागला आणि वॅटदादा आमच्या सोफ्यावर येऊन बसला.

"बजेट किती, काका?"

"ऐंशी हजार," मी छाती पुढे काढून म्हणालो.

"स्क्रीन धरून?"

मी छाती आत घेतली. घरात जुना स्क्रीन आहे, तोच लावू, असं सुचवून पाहिलं. त्याने स्क्रीनच्या पाठीवरची चिठ्ठी वाचली. "साठ हर्ट्झ. सेकंदाला शंभर-दीडशे चित्रं काढणारं कार्ड घ्यायचं आणि दाखवायची साठ! टँकर बोलवायचा आणि पाणी तांब्यात भरायचं, असं होईल." हिच्या चेहऱ्यावरून कळलं, उपमा नेमकी लागली होती. आमच्याकडे तेव्हा टँकर एक दिवसाआड येत होता.

मग सॉकेटचं प्रवचन झालं. प्रोसेसर ज्या खोबणीत बसतो ते सॉकेट. आमच्यासाठी ठरलं एएम५, २०२२ साली आलेलं, १७१८ पिनांचं. "एक पिन इकडेतिकडे झाली तर?" मी विचारलं. तो हसला. "काका, लग्नाला छत्तीसातले अठरा गुण पुरतात. इथे १७१८ पैकी १७१८ लागतात."

आणि नुसत्या पिना मोजूनही भागत नाही. या मुद्द्यावर त्याचा आवाज खाली येतो, भुताची गोष्ट सांगताना येतो तसा. २०१७ साली इंटेलचे आठव्या पिढीचे प्रोसेसर आले. सॉकेट ११५१. आधीच्या दोन पिढ्यांचे बोर्डही ११५१. सी विंगमधल्या एका गृहस्थांनी आकडा बघितला, जुना बोर्ड स्वस्तात उचलला आणि नवा प्रोसेसर त्यात बसवला. बसला! अगदी अलगद बसला. सुरू मात्र झाला नाही, आणि होणारही नव्हता, कारण खोबण तीच ठेवून कंपनीने आतली जोडणी बदलली होती. "बसतं म्हणजे चालतं असं नसतं, काका," वॅटदादा म्हणाला आणि पाणी प्यायला. हे वाक्य त्याने फ्रेम करून घरात लावलेलं नाही, एवढंच.

रॅमवाले त्यामानाने सज्जन. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना, पण खाच वेगळ्या जागी. चुकीची पट्टी मुळात आत शिरतच नाही. पट्ट्या दोन घ्यायच्या आणि चारांपैकी दुसऱ्या व चौथ्या खाचेत लावायच्या, परीक्षेला पोरं बसवतात तशा एक सोडून एक. चिरंजीवांना फक्त एक प्रश्न होता: रॅममध्ये लाइट आहे का?

पण वॅटदादाला त्याचं नाव मिळालं ते एसएमपीएसमुळे. भिंतीतली वीज घेऊन सगळ्यांना वाढणारा हा डबा. त्याने खेळ वेगवान होत नाही, त्यात लाइट नसतो, तो दिसतही नाही. म्हणून प्रत्येक बापाला पैसे तिथेच वाचवावेसे वाटतात. मलाही वाटले. मी कागदावर हिशेब मांडला: आरटीएक्स ४०६० कार्ड ११५ वॅट, प्रोसेसर ६५ वॅट, बाकी किरकोळ. "अडीचशेत भागतंय. मग साडेसहाशेचा कशाला?"

"उद्या मोठं कार्ड घ्याल तेव्हा?"

"मी नाही घेणार."

"उद्याचं कुणी सांगितलंय, काका?"

'उद्या' हा वॅटदादाचा आवडता वार. बोर्ड उद्याचा प्रोसेसर घेईल असा हवा, कॅबिनेट उद्याचं कार्ड मावेल एवढं हवं. कॅबिनेटवर तर बापलेकात युद्ध व्हायचं बाकी होतं. मुलाला पुढून अखंड काच हवी होती. वॅटदादाने निकाल दिला: पुढे जाळीच. "काच लावणं म्हणजे मे महिन्यात दारंखिडक्या लावून झोपणं." मग त्याने टेपची कथा सांगितली. कुणीतरी १६५ मिलिमीटर उंचीचा कूलर आणला होता आणि कॅबिनेट १६० चं निघालं. पाच मिलिमीटरसाठी त्या माणसाने वर्षभर कॅबिनेटचं झाकण उघडं ठेवलं आणि आत पालीने अंडी घातली. पालीबद्दल मला शंका आहे. पाच मिलिमीटरबद्दल नाही.

खरेदीला लॅमिंग्टन रोड. कागदोपत्री तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण त्या नावाने विचारलंत तर लोक तुम्हाला कुठलं तरी सरकारी ऑफिस दाखवतील. डोंबिवलीहून फास्ट, दादरला पूल ओलांडून पश्चिम रेल्वे, ग्रँट रोडला उतरून पायी. दुकानदार वॅटदादाला लांबून ओळखतात आणि खोकी मागे सरकवतात. एकाने तरी धाडस केलं: "सर, ये दूसरा एसएमपीएस ले लो, चल जाएगा."

"चल जाएगा" म्हणजे वॅटदादाच्या लेखी शिवी. तो काही बोलला नाही. त्याने तो डबा तळहातावर तोलला, नारळ तोलतात तसा, आणि परत ठेवला. दुकानदाराने मुकाट्याने यादीतला काढून दिला.

जुळणी रात्री आमच्या जेवणाच्या टेबलावर झाली. अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून त्याने आधी लोखंडी कपाटाला हात लावला. हिला वाटलं नमस्कार केला, म्हणून हिनेही केला. प्रोसेसर ठेवून कडी दाबली तेव्हा 'कट्' असा आवाज होऊन वरचं प्लास्टिक उडालं आणि माझे अठरा हजार डोळ्यांपुढून गेले. "ते उडायलाच हवं," तो म्हणाला. मग प्रोसेसरवर मटाराच्या दाण्याएवढी थर्मल पेस्ट, वर पंखा, कार्ड, वायरी.

बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, पोरगं टाळ्या पिटायला लागलं. स्क्रीन काळा.

एक मिनिट. काळा. दोन मिनिटं. काळा. मी मनात फंडातून काढलेल्या रकमेवरचं व्याज मोजायला लागलो. हिने माझ्याकडे बघितलं. पंचवीस वर्षांच्या संसारात तसं तिने दोनदाच बघितलं आहे. वॅटदादा शांतपणे म्हणाला, "काकू, चहा टाका. डीडीआर५ आहे, पहिल्यांदा बोर्डाशी ओळख करून घेते. वेळ लागतो." चहा उकळला, गाळला, आणि कपबशा येता येता स्क्रीनवर अक्षरं उमटली. त्या क्षणी मी त्या माणसाला सोसायटीचा सेक्रेटरीसुद्धा केला असता.

"तुझ्याकडे कुठलं मशीन आहे रे?" मी कौतुकाने विचारलं.

तो जरा घुटमळला. त्याच्याकडे बँकेचा लॅपटॉप आहे. स्वतःच्या पीसीची यादी तयार आहे, २०१६ पासून. तेव्हा रायझन प्रोसेसर येणार होता म्हणून थांबला. २०१७ ला तो आला, तर पुढची पिढी आणखी चांगली म्हणून थांबला. २०२१ मध्ये क्रिप्टोवाल्यांनी कार्डं पळवली. २०२२ ला एएम५ आलं, पण रॅम महाग. ती उतरली, तर नवी कार्डं तोंडावर. २०२५ संपता संपता रॅमचे भाव पुन्हा भडकले. यादीतली प्रत्येक वस्तू दुसरीशी जुळते. जुळत नाही ती फक्त तारीख.

पण एक वस्तू त्याने घेतली आहे, हे मला परवा त्याच्या आईने सांगितलं. एसएमपीएस. ८५० वॅट, गोल्ड, वॉरंटी दहा वर्षं. २०२१ साली घेतला. अजून खोक्यात आहे.

निम्मी वॉरंटी संपली.