शंभर ग्रॅम सर

बीडच्या सरकारी दवाखान्यात कुणी भरती झालं की गावाकडून बघायला येणारा माणूस आधी फाटकासमोरच्या गाड्यावर थांबतो, किलोभर मोसंबी घेतो आणि मग वॉर्ड कुठला ते विचारतो. मोकळ्या हातानं गेलं तर पेशंट काही म्हणत नाही, पण पेशंटची सासू पुढच्या तीन लग्नांत तो विषय काढते. शिवाय हा मुलूखच मोसंबीचा. गेवराईकडं बागा आहेत, गोदावरी ओलांडली की जालना जिल्हा लागतो आणि तिथल्या मोसंबीला तर भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. त्यामुळं आजारी माणूस आणि मोसंबी यांची सोयरीक इथं कुणी तपासून बघत नाही.

तपासतात फक्त सर.

असा एक माणूस हल्ली प्रत्येक तालुक्याच्या गावाला असतोच. आमचे सर जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. फिकट सफारी, खिशाला दोन पेनं, त्यातलं एक लाल. काखेत रेक्झिनची बॅग. बॅगेत लॅमिनेट केलेला एक तक्ता आणि सोनार वापरतो तसला, तळहाताएवढा काटा. निवृत्तीनंतर माणसं देवाधर्माला लागतात किंवा शेताच्या बांधावरून भावाशी कोर्टात जातात. सर अन्नघटकांना लागले. त्यांचं खरं नाव आता फक्त पेन्शनच्या कागदावर उरलंय. गाव त्यांना ‘शंभर ग्रॅम सर’ म्हणतं, कारण त्यांचं कुठलंही वाक्य या दोन शब्दांशिवाय सुरूच होत नाही.

त्यांची बैठक ज्यूसच्या गाड्याशेजारी. पिशवीवाला माणूस दिसला की सर उठतात.

“मावशी, काय नेताव?”

“मोसंबी हाय जी. जावयाला सलाईन लावलंय.”

“शंभर ग्रॅममागं क जीवनसत्त्व किती?”

मावशी दचकतात. पिशवी आत न्यायला काही पावती फाडावी लागते की काय, असं त्यांना वाटतं. पदराची गाठ सोडायला हात जातो, तोवर सरच उत्तर देतात, “पन्नास मिलिग्रॅम. आणि तुमच्या परसातल्या शेवग्याच्या पाल्यात? दोनशे वीस!” मावशी “बरं बरं” म्हणतात आणि मोसंबी घेऊनच आत जातात.

सरांचा तक्ता हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा आहे, त्यामुळं वाद घालायची सोय नाही. हैदराबादहून आलेल्या कागदापुढं मान तुकवायची सवय बीडला निजामाच्या काळापासूनची. तक्त्यात हिरवी मिरची 111, कोथिंबीर 135, मोसंबी 50. मेथी 52 वर, म्हणजे मोसंबीच्या दोनच पावलं पुढं. पण सर तो निकाल असा सांगतात की ऐकणाऱ्यानं गुलालच शोधावा. “दोन मतांनी का होईना, आली ना निवडून?” आणि कॅल्शियमकडं वळले की आवाज चढतो. मेथी 395, शेवग्याचा पाला 440, मोसंबी 40. “डिपॉझिट जप्त!”

पुढं 2017 साली याच संस्थेनं 528 पदार्थ नव्यानं तपासून नवे तक्ते काढले. सरांनी ते कुठूनतरी मिळवले आणि आठवडाभर गाड्याकडं फिरकले नाहीत. शेवग्याचा पाला 220 वरून 108 वर आला होता. कोबीचं तर होत्याचं नव्हतं झालं, 124 वरून थेट 33. आठवड्यानं सर आले ते सावरूनच. “फेरमोजणी झाली,” म्हणाले, “पण शेवगा अजून दुपटीनं पुढं हाय. मेथीची तर मतं वाढली.” कोबीचं नाव मात्र त्यांनी पुन्हा काढलं नाही. लॅमिनेट केलेला जुना तक्ता बॅगेत तसाच आहे. विषय शेवग्याचा असला की तो बाहेर येतो.

त्यांची आवडती गोष्ट हंगेरीची. सेंट-ग्यॉर्गी नावाचा शास्त्रज्ञ क जीवनसत्त्व वेगळं काढण्यासाठी धडपडत होता, पण लिंबू-संत्र्यातून ते मनासारखं निघेना. सेगेड गावी एका रात्री बायकोनं ताटात ताजी पाप्रिका मिरची वाढली. गड्याला ती खायची नव्हती. खात नाही म्हणायचीही छाती नव्हती. म्हणून तो ती घेऊन प्रयोगशाळेत गेला आणि तिथं बघतो तर खजिना! पुढं किलोकिलोनं क जीवनसत्त्व निघालं आणि 1937 साली नोबेल मिळालं. ही गोष्ट सर अशी सांगतात की सेगेड धारूर आणि वडवणीच्या मध्ये कुठंतरी असावं. “फळानं हात टेकले, तिथं भाजीनं नोबेल दिलं,” असं म्हणून ते थांबतात आणि कुणीतरी नोबेलची रक्कम विचारील म्हणून वाट बघतात. श्रोत्यांची शंका भलतीच असते. “पर सर, बायको काय म्हन्ली? ताट टाकून गेला म्हनल्यावर?”

मिरचीचा मुद्दा ज्यूसवाल्यानं मात्र एकदा मनावर घेतला. माणूस शाळा सोडलेला, पण धंद्यानं हिशेब पक्का. त्यानं भाजीवालीकडून एक मिरची आणली आणि म्हणाला, “करा वजन.” काट्यावर चार ग्रॅम आले. “म्हंजे शंभर ग्रॅमला पंचवीस मिरच्या. माझा गिलास दोनशेचा. तुमच्याच हिशेबानं त्यात शंभर मिलिग्रॅम. पेशंटला गिलास देऊ का पंचवीस मिरच्या?” गाड्याभोवती जी शांतता पसरली, ती सरांनी लाल पेनाचं टोपण काढून आणि पुन्हा लावून कशीबशी निभावली.

माझ्या मते सरांचं सगळं दुखणं इथंच आहे. आकडे त्यांनी मनचे काढलेले नाहीत, पण शंभर ग्रॅम हे माप पुस्तकातलं आहे, ताटातलं नाही. कोथिंबीर आपण चिमूटभर भुरभुरतो, ज्यूस घटाघटा पितो आणि शेवग्याचा पाला वर्षातून दोनदा, तोही कुणीतरी आठवण करून दिली तर. घरी हाच प्रश्न बाईंनी दुसऱ्या टोकानं विचारला होता. मेथीची भाजी परतता परतता त्या म्हणाल्या, “अहो, तक्त्यातली मेथी कच्ची का शिजलेली?” सरांनी खरं सांगितलं, कच्ची. आच लागली की क जीवनसत्त्व उडतं, धुऊन-उकळून पाणी ओतलं की त्याच्याबरोबर वाहून जातं. बाईंनी काही न बोलता कढईखालचा गॅस बंद केला आणि ताटात भाकरीशेजारी निवडलेली मेथी ठेवली. सरांनी ती खाल्ली. तत्त्वाचा माणूस! संध्याकाळी त्यांनी तत्त्वात दुरुस्ती केली, की लोह आणि कॅल्शियम काही आचेनं उडत नाही, तेव्हा भाजी शिजवायला हरकत नाही.

पण सरांना नुसतं हसून सोडता येत नाही, कारण एकदा त्यांचा तक्ता खरोखर कामाला आला. कारखान्याचा पट्टा पडल्यावर ऊसतोडीहून परतलेल्या एक आजीबाई सुनेला घेऊन आल्या होत्या. सून बाळंतीण, अंगात रगत नाही. सरांनी सवयीनं मिरचीपासून सुरुवात केली. आजीबाईंनी पुरतं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “सर, मिरचीत येवढं हाय म्हन्ताव. दिवाळीपासून कोप्यावर आमी भाकर अन् ठेचाच खाताव की. मग पोरीचं रगत कामून कमी?”

सर पहिल्यांदाच तक्ता न काढता बोलले. मिरचीनं रक्त होत नाही, म्हणाले, रक्ताला लोह लागतं. डाळीत, पालेभाजीत, बाजरीत ते असतं, पण अंगाला लागायला कुचराई करतं. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असलं तर ते नीट लागतं. म्हणून भाजीवर लिंबू पिळा, किंवा मोसंबी आणलीच आहे तर जेवताना खाऊ घाला. आणि जेवल्या जेवल्या चहा पाजू नका, तो लोह अडवतो. गोळ्या डॉक्टर देतील त्या चुकवू नका.

“म्हंजे मोसंबी खायची?” आजीबाईंनी विचारलं.

“खायची,” सर पुटपुटले.

“अन् भाजी?”

“ती बी.”

ज्यूसवाल्यानं मशीनचा दांडा मध्येच थांबवला. इतक्या वर्षांत सरांच्या तोंडून मोसंबीला मिळालेलं हे पहिलं मत. त्यानं एक ग्लास भरून सरांपुढं ठेवला, वर काळं मीठ भुरभुरलं आणि पैसे घेतले नाहीत. सरांनी ग्लास उचलला, काट्यावर मावत नाही म्हणून नाइलाजानं प्यायला आणि चाळणीत उरलेल्या चोथ्याकडं बोट दाखवून म्हणाले, “तंतू सगळे इथंच राहिले.”

तरी सर जिंकणार नाहीत, कारण मोसंबी कुणी जीवनसत्त्वासाठी नेतच नाही. ती खाटेशेजारच्या लोखंडी कपाटावर दिसावी लागते. कोण आलं, कोण नाही, याची ती हजेरी असते. मेथीची जुडी घेऊन जावयाच्या खाटेपाशी उभं राहायची कुणाची टाप आहे? जावई त्याच दिवशी सुट्टी मागेल. एका भाच्यानं सरांचं ऐकून मामाला शेवग्याचा पाला नेला होता म्हणे. मामीनं तो उशाखालून काढून विचारलं, “ही औषधाची मुळी कुठल्या महाराजानं दिली?”

ज्यूसवाला मात्र सरांकडून बरंच शिकला. परवा त्यानं गाड्यावर नवी पाटी लावली: ‘ताजा मोसंबी ज्यूस. 100 ग्रॅममध्ये 50 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व.’ गिऱ्हाईक वाढलं. सरांनी पाटी दोनदा वाचली, ग्लासातला बर्फ बघितला आणि लाल पेन काढलं. “बर्फ वितळल्यावर पन्नास कुठून राहतील? हे पाणी कुठल्या तक्त्यात बसवताव?” बरीच घासाघीस झाली. बर्फ बंद करायला ज्यूसवाला तयार नव्हता, आकडा तसाच ठेवायला सर तयार नव्हते. शेवटी तडजोड झाली आणि पाटीखाली लाल अक्षरांत एक ओळ वाढली: ‘बर्फ घातल्यावर किती, ते शेजारी बसलेल्या सरांना विचारा.’