अनुशेषाची मोजदाद

महाराष्ट्रात प्रादेशिक विकासापेक्षा तो किती राहिला, याचीच मोजदाद अधिक कसून होते. १९८३ साली नेमलेल्या दांडेकर समितीने राज्याच्या सरासरीमागे पडलेल्या जिल्ह्यांची तूट, म्हणजेच अनुशेष, रस्ते, सिंचन, आरोग्य अशा क्षेत्रांनुसार काढली. तेव्हापासून अनुशेष कागदावर नेमाने भरला जातो. कृषिपंपाला जोडणी मिळाली की तक्त्यातला आकडा खाली येतो. वीज मध्यरात्रीनंतर येते आणि शेतकरी बॅटरी घेऊन पाणी द्यायला जातो, त्यासाठी रकाना नाही. अनुशेष दूर करण्यासाठी १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली. २०१३ साली याच प्रश्नावर केळकर समितीचा जाडजूड अहवाल आला, अभ्यासाचा अनुशेष तेवढा संपला. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. मागासलेपणाला मात्र मुदतवाढीची गरज पडली नाही.