माझी भूक कुणी बांधली?

माझी नोकरी साखरशेतात आणि साखर रक्तात. जव्हार तालुक्यातल्या या गावाचं नाव ज्यानं कुणी ठेवलं, त्याला माझी बदली आधीच कळली असावी. गावात मला आजवर उसाचं टिपरू दिसलेलं नाही. दिसतात ती भातखाचरं, माळावरची नागली आणि वरई. साखरेचं सगळं पीक एकट्या माझ्यातच आलंय.

मी मूळचा संगमनेरकडचा. वजन एकशे चार किलो, पेशानं शिक्षक. इथं रुजू झालो त्या दिवशी पहिलीतल्या एका पोरानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, दारातून बाहेर डोकावून पाहिलं आणि विचारलं, "गुरुजी, तू एकटाच आलास?" इकडची पोरं गुरुजींना 'तू'च म्हणतात. त्यात उद्धटपणा नसतो, बोलीचीच ती रीत आहे. पण ते 'एकटाच' मात्र मला लागलं.

हे वजन इथल्या माणसांत वावरताना फार जड जातं. चढावर गवताचा भारा डोक्यावर घेऊन सत्तरीची आजी पुढं निघून जाते आणि मी आंब्याच्या सावलीत उभा राहून मोबाइलला रेंज शोधण्याचं नाटक करतो.

शेवटी नाशिकला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रिपोर्ट पाहिला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा रिपोर्ट पाहिला. म्हणाले, "गुरुजी, एक इंजेक्शन आहे. आठवड्यातून एकदा, पोटावर टोचायचं." पोटावर जागा शोधावी लागणार नाही, हे आम्ही दोघांनीही बोलून दाखवलं नाही.

ही औषधं आता सगळ्यांनाच ऐकून माहीत आहेत. टिर्झेपटाईड मार्च 2025 मध्ये मौंजारो या नावानं भारतात आलं, सेमाग्लुटाईडचं वेगोव्ही त्याच वर्षीच्या जूनमध्ये. मी कुठलं घेतो ते सांगणार नाही. आमच्या मुख्याध्यापकांनी 'एक टोचणी मलाही द्या ना, लग्नाचा कोट होत नाही' म्हणून आधीच जीव खाल्लाय. पेन दुसऱ्याला देत नसतात आणि डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेत नसतात, हे त्यांना तीनदा सांगून झालंय. मौंजारो आलं तेव्हा त्याच्या सगळ्यात लहान डोसची कुपी साडेतीन हजारांना होती. एका आठवड्याची. रोजगार हमीची मजुरी 2025-26 मध्ये दिवसाला 312 रुपये. म्हणजे इथल्या माणसानं अकरा-बारा दिवस माती उपसायची आणि त्या पैशांत मी सात दिवस भूक लागू द्यायची नाही. हा हिशेब मी चौथीच्या पोरांना गणित म्हणून घातलेला नाही.

डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं होतं. जेवल्यावर आपल्याच आतड्यातून एक संप्रेरक सुटतं आणि मेंदूला 'पुरे' म्हणून सांगतं. हे औषध त्याचीच नक्कल करतं, फक्त आठवडाभर 'पुरे, पुरे' करत राहतं. वर जठरातून अन्न पुढं सरकायचा वेगही मंदावतो. स्टँडवर गाडी लागलीय, ड्रायव्हर चहाला गेलाय, आत माणसं उभी आहेत. त्यात तुम्ही मागच्या दारानं आणखी दोन पोती चढवली तर काय होईल? तेच पोटात होतं. म्हणून सुरुवात छोट्या डोसनं करायची, चार आठवडे तोच ठेवायचा आणि मग वाढवायचा. पहिले चार आठवडे वजन उतरवण्यासाठी नसतात, पोटाला सवय लागावी म्हणून असतात. साखरेची एक गोळीही त्यांनी निम्मी केली, नाहीतर साखर खाली घसरली असती. "कमी खा, सावकाश खा, तळलेलं नको, पोट भरलं की थांबा," ते म्हणाले. मी मान डोलावली. पोट भरलं की थांबणारा माणूस एकशे चार किलोचा कशाला झाला असता, हे त्यांच्या लक्षात यायला हवं होतं.

शनिवारी रात्री टोचून घेतलं. रविवारी काही त्रास झाला तर घरीच असू, असा हिशेब. रविवारी काहीच झालं नाही. बाहेर जव्हारचा पाऊस, समोरचं घरसुद्धा धुक्यात. बायकोनं विचारलं, "अहो, वडे करू का?" औषध लागू पडत नाही अशी माझी खात्री झाली होती. चार खाल्ले. तिसऱ्यालाच आतून कुणीतरी हात दाखवला होता. पण ताटातलं टाकायचं नाही हे संस्कार.

तो चौथा वडा जठराच्या उंबऱ्यावर उभा राहिला तो सोमवार उजाडेपर्यंत. ना आत, ना बाहेर. रात्रभर मी उशा लावून बसून होतो, कारण आडवं झालं की तो परत यायला निघे. जेवल्यावर दोन-तीन तास आडवं व्हायचं नाही, हेही डॉक्टरांनी सांगितलं होतंच. पहाटे आरशात पाहिलं तर मोखाड्याच्या बोहाडा उत्सवातलं एखादं सोंग मुखवटा न लावताच समोर उभं होतं.

सोमवारी वर्गावर तेराचा पाढा चालू होता. तेरा साती एक्क्याण्णव म्हणता म्हणता मला ढेकर आली. या औषधाच्या ढेकरेबद्दल आधी कुणी सांगत नाही. तिला नासक्या अंड्याचा वास येतो. अन्न पोटात रेंगाळतं, सडतं आणि गंधकाचा वायू वर येतो. वर्ग क्षणभर गप्प झाला. मग मागच्या रांगेतून एकानं आशेनं विचारलं, "गुरुजी, आज अंडी हायेत?" सगळे चेहरे उजळले. त्या दिवशी खिचडीच होती. एवढ्या पोरांना एका ढेकरेत मी आशा लावली आणि दुपारी तोंडघशी पाडलं, याची मला अजून लाज वाटते.

आणि ती खिचडी! पोरांना वाढण्याआधी शिक्षकानं चव घेऊन नोंदवहीत सही करायची असते. एरवी या कामाला मी सगळ्यात पुढं. माझी चव घेण्याची वाटी इतरांच्या ताटाएवढी असते अशी चेष्टा व्हायची. त्या दिवशी खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी मोहरी तडतडवली आणि फोडणीचा वास शाळेच्या आवारात आला मात्र, मी वहीसकट मागच्या सागाच्या झाडाकडे धावलो. पुढचा महिनाभर चवीची सही दुसऱ्या गुरुजींची आहे. पावसाळ्यात घरोघर सुकट भाजतात. दर दुपारी त्या वासातून सुटकेचे किती रस्ते आहेत याचा माझा अभ्यास पक्का झाला.

दुसऱ्या आठवड्यात उलट झालं. मळमळ ओसरली आणि सगळी वाहतूकच बंद पडली. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. शाळेच्या संडासाची किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाशेजारी खिळ्यावर असते. मी किल्ली नेई आणि दहा मिनिटांनी पडलेल्या चेहऱ्यानं आणून लावी. ते चष्म्यावरून बघत. तिसऱ्या दिवशी त्यांनी शब्दानंही न विचारता नुसत्या भुवया उंचावल्या, मी मान हलवली. पंचवीस वर्षांच्या नोकरीत वरिष्ठांशी माझा इतका मोकळा संवाद झाला नव्हता.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "पाणी किती पिता?" तेव्हा कळलं की भुकेबरोबर तहानही लागेनाशी झालीय. मग बाटलीवर पेनानं रेघा मारल्या, तासाला एक रेघ. रात्री इसबगोल. जेवणात पालेभाजी. पाचव्या दिवशी किल्ली खिळ्याला लावताना मी हसलो. मुख्याध्यापकांनी टेबलावर हात आपटला आणि सगळ्यांना चहा सांगितला.

खरं सांभाळलं ते मावशींनी. त्यांनी झाडामागचा प्रकार पाहिला होता. एका सकाळी पितळीत नागलीची पेज आणून ठेवली, वर नुसतं मीठ. "घोट घोट घे गुरुजी. गटागट नको." पदरात बांधून मुरडशेंगही आणली होती, पिळाच्या त्या शेंगा, पोटदुखीवर उगाळून देतात त्या. डॉक्टर फोनवर म्हणाले, मुरडशेंग राहू द्या, पेज घ्या. पण वाटीभरच, पेजेनंही साखर वाढते. सोबत डाळ किंवा उकडलेलं अंडं हवंच, नाहीतर चरबीबरोबर अंगातलं मांसही झडेल. ती पेज मी अर्धा तास प्यालो. पंधरा दिवसांत पोटानं विरोध न करता ठेवून घेतलेला तो पहिला पदार्थ. थोडं, सावकाश, बिनतेलाचं. नाशिकला जाऊन-येऊन आणि फी भरून जे ऐकलं ते इथं चुलीजवळ पितळीत मिळत होतं.

एक भीती मात्र डॉक्टरांनी घालून दिली होती. पोटाच्या वरच्या भागात जोराची कळ आली, पाठीत गेली, उलट्या थांबेनात, पाणीही ठरेना, तर पित्त म्हणून अंगावर काढायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. स्वादुपिंडाला सूज असू शकते. एका संध्याकाळी माझ्या पाठीत खरंच कळ आली. मी घामाघूम. बायकोनं पिशवी भरली. मग तिनं विचारलं, "अहो, आज कुठल्या रस्त्यानं आलात?" रस्त्याचं नाव सांगितलं. तिनं पिशवी रिकामी केली आणि बाम लावला.

गावात बातमी पसरली की गुरुजी जेवत नाही. इथं माणूस जेवत नाही ही चेष्टेची गोष्ट नसते. संध्याकाळी म्हातारे येऊन बसू लागले. एक दिवस भगत आला. त्यानं माझ्या मनगटावर बोटं ठेवली, सुपात तांदळाचे दाणे मांडले, हलवले, पुन्हा मांडले. मग गंभीरपणे म्हणाला, "तुझी भूक कुणीतरी बांधून टाकलीय, गुरुजी."

मी गार झालो. नाशिकच्या डॉक्टरांना हेच सांगायला दोन आकृत्या आणि वीस मिनिटं लागली होती. भूक बांधलेली होती हे खरं. बांधणाऱ्याला पैसे मीच मोजले होते हे त्याला कसं सांगू? "सरपटणाऱ्या जिवाचा संबंध दिसतो," तो पुढं म्हणाला, आणि मी खुर्चीतून उठलो. कारण तेही खरं. या सगळ्या घराण्यातलं पहिलं औषध एका सरड्यापाशी सापडलं. अमेरिकेच्या वाळवंटात गिला मॉन्स्टर नावाचा विषारी सरडा आहे, आपल्या घोरपडीसारखा थोराड. तो वर्षात पाच-दहा वेळाच जेवतो. डॉ. जॉन एंग यांना त्याच्या विषात आपल्या संप्रेरकासारखाच एक पदार्थ मिळाला, त्यावरून केलेलं औषध 2005 मध्ये बाजारात आलं. हल्लीची इंजेक्शनं सरड्यावर अवलंबून नाहीत, पण घराण्याचा मूळपुरुष तोच.

एंग यांचा शोध 1992 चा. ते साल या तालुक्यात कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. त्याच वर्षी इथल्या वावर-वांगणीत कुपोषणानं मुलं गेली आणि जव्हारचं नाव देशभर पोचलं. भूक घालवणाऱ्या औषधाच्या मुळाचा शोध आणि भुकेनं गेलेली पोरं, एकाच कॅलेंडरवर. भगताला मी हे सांगितलं नाही. तो दाणे गोळा करत होता.

महिन्यानं वजन करायला आरोग्य केंद्रात गेलो. काट्यापाशी बायका पोरांना घेऊन रांगेत होत्या. माझ्या पुढच्या पोराचं वजन तीनशे ग्रॅमनं वाढलं होतं. सिस्टर ओरडल्या, आई लाजून हसली, पोर रडलं. मग मी चढलो. एकशे एक किलो सातशे. सिस्टरनी जुना आकडा पाहिला, वजाबाकी केली आणि म्हणाल्या, "गुरुजी, दोन किलो तीनशे गेले! हे इकडं सात-आठ पोरांत वाटता आले असते तर माझा महिन्याचा अहवाल सुधारला असता." रांगेतल्या बायका हसल्या. मीही हसलो आणि पोट आत ओढून काट्यावरून उतरलो. सवयीनं. ते आता ओढलं की थोडं आत जातं.

डोस वाढला तेव्हा पुन्हा तीन दिवस मळमळ झाली, पण आता मला युक्त्या माहीत होत्या. ताटाऐवजी नाश्त्याची बशी. दर घासाला चमचा खाली ठेवायचा. आतून पहिला हात दिसला की उठायचं, मग ताटात काय वाटेल ते असो. संस्कारांचं उरलेलं बायको दुसऱ्या दिवशी थालीपिठात घालते.

भगतानं भूक सोडवायला कोंबडा मागितला होता. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं, त्यानं आपल्या परीनं निदान अचूक केलं होतं. दिला. रात्री रस्सा झाला, मला मानाची तंगडी वाढली. मी दोन घास खाल्ले आणि थांबलो. उरलेली तंगडी भगतानं खाल्ली. निघताना म्हणाला, गाठ जुनी आहे, आणखी एक कोंबडा लागेल.