‘झालाच पाहिजे’पासून ‘एकदम ओक्के’पर्यंत

मराठी राजकीय भाषणाचा एक भाग गेल्या साठ-सत्तर वर्षांत तसूभरही बदललेला नाही, तो म्हणजे व्यासपीठावरच्या मंडळींची नावं घेणं. ‘सन्माननीय व्यासपीठ’ एवढ्यावर खरं तर भागायला हवं. पण व्यासपीठ रुसत नाही, त्यावर बसलेले रुसतात. म्हणून आबा, दादा, बापू, तात्या, पतसंस्थेचे चेअरमन, बाजार समितीचे माजी उपसभापती, त्या उपसभापतींचे भाचे म्हणजेच युवा नेते आणि ‘आत्ताच ज्यांचं आगमन झालं’ ते, असे सगळे एकेक करून घ्यावे लागतात. मधेच मागून एक हात पुढे येतो. हातात चिठ्ठी असते. चिठ्ठीत राहून गेलेलं नाव असतं आणि बहुधा ज्याचं नाव त्याचंच अक्षर असतं. वीसेक मिनिटं अशी गेली की वक्ता गंभीरपणे म्हणतो, ‘वेळेअभावी मी सगळ्यांची नावं घेत नाही.’ या वाक्याला हसलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

निवडणुकीच्या दिवसांत रात्री दहाला माइक बंद करावा लागतो. मुख्य नेता साडेनऊच्या पुढेच पोचतो. नावं संपेस्तोवर दहाला दोन मिनिटं उरतात. त्या दोन मिनिटांत पक्षाची विचारधारा, तालुक्याचा पाणीप्रश्न आणि उमेदवाराचं चिन्ह एवढं बसवायचं असतं. चिन्ह बसतं.

नावांनंतरचं मात्र सगळं बदललं. पूर्वी भाषण कसं सुसंस्कृत असायचं, असं म्हणत सुस्कारे सोडणारी एक जमात आपल्याकडे आहे. या जमातीने आचार्य अत्रे वाचलेले नसावेत. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शिवाजी पार्कवर अत्रे बोलायला उभे राहिले की समोरच्या माणसाची सालं निघायची. १९५६ साली त्यांनी ‘मराठा’ दैनिक काढलं ते काही गुळाच्या ढेपेवर लेख लिहायला नव्हे. शिवीगाळ होती, टोपणनावं होती, वैयक्तिक वार होते. फरक इतकाच की शिवी घरी घडवलेली असायची. आता ती तयार येते, मोबाइलवर, आणि शंभर नेत्यांना एकाच दिवशी एकच येते.

अत्र्यांची अतिशयोक्तीही प्रसिद्धच होती. जे काही घडायचं ते ‘गेल्या दहा हजार वर्षांत’ घडलेलं नसायचं. या दहा हजार वर्षांचा हिशेब कोणी मागितला नाही. ही गंमत आहे हे ऐकणाऱ्याला ठाऊक होतं, आणि ऐकणाऱ्याला ते ठाऊक आहे हे अत्र्यांना ठाऊक होतं. आज मंत्रिमंडळाची बैठक झाली की निदान तीन निर्णय ‘ऐतिहासिक’ असतात. गटाराच्या निविदेला मुदतवाढ हाही. आणि यात गंमत कुणालाच दिसत नाही, हीच खरी ऐतिहासिक गोष्ट आहे.

त्याच काळात पलीकडच्या बाजूला यशवंतराव चव्हाण होते. आवाज न चढवता बोलणारे. १ मे १९६० ला राज्य झालं, मंगल कलश त्यांच्या हातून आला. पुढे १९६२ च्या नोव्हेंबरात चीनच्या युद्धात ते संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, तेव्हा हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावून गेला असं लोक म्हणाले. नेत्यासाठी उपमा लोक करायचे, हे इथे नोंदवून ठेवायला हवं. आता उपमा नेत्याच्या कार्यालयात होते आणि फ्लेक्सवर छापून लोकांना कळवली जाते. यशवंतरावांच्या भाषणांचं ‘सह्याद्रीचे वारे’ नावाचं पुस्तक निघालं. भाषण, आणि ते बांधणीत! हल्लीच्या एखाद्या नेत्याच्या वर्षभराच्या भाषणांचं पुस्तक काढायचं म्हटलं तर पहिल्या पानावर ‘जय महाराष्ट्र’, शेवटच्या पानावर ‘जय महाराष्ट्र’ आणि मधल्या पानांवर समोरच्या पक्षाची वंशावळ.

शिवसेनेची स्थापना १९ जून १९६६ ची. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला शिवाजी पार्कवर पहिला मेळावा झाला आणि भाषणाला नवं वळण लागलं. अत्रे लिहिल्यासारखं बोलायचे, बाळासाहेब ठाकरे बोलल्यासारखंच बोलायचे. नाक्यावर जे शब्द चालायचे तेच माइकवर आले. पेपरवाल्यांची पंचाईत झाली. शब्द छापावा तर पेपर घरात जातो, न छापावा तर बातमी राहत नाही. मग तीन टिंबांची सोय निघाली. मराठी वाचकाने त्या टिंबांच्या जागी नेमका शब्द बसवण्यात जी अचूकता दाखवली, ती परीक्षेत गाळलेल्या जागा भरताना कधी दाखवली नाही. त्या भाषणांची सुरुवातही ठरलेली असे: ‘जमलेल्या माझ्या तमाम...’ पुढे हिंदू बांधवांनो, भगिनींनो आणि मातांनो. पुतण्याने, म्हणजे राज ठाकरेंनी, वेगळा पक्ष काढला तेव्हा ‘जमलेल्या’, ‘तमाम’ आणि ‘मातांनो’ तसेच ठेवले आणि ‘हिंदू’च्या जागी ‘मराठी’ घातलं. इस्टेटीची वाटणी इतक्या सुटसुटीतपणे झालेली मी दुसरीकडे पाहिली नाही.

इथवर निदान एक गोष्ट कायम होती. बोलणारा समोर बसलेल्यांसाठी बोलत होता. समोरच्याला पुढे खेचायचं, हसवायचं, चिडवायचं आणि शेवटच्या लोकलआधी सोडायचं. दूरचित्रवाणीच्या वाहिन्या आल्या आणि समोरचा माणूस मागे गेला. नेत्याच्या हनुवटीखाली रंगीबेरंगी बूम जमले. त्यांना हवा असतो ‘बाइट’, तोही बारा-पंधरा सेकंदांचा. पंधरा सेकंदांत ‘तथापि’ बसत नाही. ‘मात्र’ बसत नाही. ‘एका बाजूने पाहिलं तर’ हे तर मुळीच नाही, कारण दुसरी बाजू यायच्या आत जाहिराती लागतात. भाषणातली उभयान्वयी अव्ययं गेली ती अशी. विचार जातात तेव्हा निदान लोक ओरडतात, अव्ययांच्या मागे रडणारं कोणी नसतं.

मग व्याकरणाचा दुसरा खांब हलला. ‘मुंबई, बेळगाव, कारवारसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ ही घोषणा पाहा. कर्ता महाराष्ट्र. बोलणाऱ्याचा कुठे पत्ता नाही. ‘च’ एवढा टणक की लोकांनी त्यावर वर्षानुवर्षं जोर दिला. आता २०१९ ची घोषणा घ्या: ‘मी पुन्हा येईन.’ कर्ता मी. बाकी जे काही आहे ते त्या मीच्या येण्यासाठी आहे. मला स्वतःला हे वाक्य आवडतं, कारण महाराष्ट्राच्या राजकारणात शब्दशः पाळलं गेलेलं ते फार दुर्मीळ आश्वासन आहे. देवेंद्र फडणवीस २३ नोव्हेंबर २०१९ ला भल्या सकाळी आले आणि तीन दिवसांनी गेले. ३० जून २०२२ ला उपमुख्यमंत्री म्हणून, म्हणजे अर्धवट आले. ५ डिसेंबर २०२४ ला पुरते आले. येईन म्हणाले होते, किती वेळा ते सांगितलं नव्हतं.

त्याच २०१९ मध्ये आणखी दोन शोध लागले. लोकसभेच्या वेळी राज ठाकरेंनी ‘लाव रे तो व्हिडिओ’ म्हटलं. पक्षाचा एकही उमेदवार उभा नव्हता, चिन्ह मतदानयंत्रावर नव्हतं, तरी सभा तुडुंब. भाषणाचं काम प्रतिस्पर्ध्याच्याच जुन्या चित्रफितीकडून करून घेतलेलं. वक्त्याने फक्त मधेमधे समोर बघायचं आणि भुवई उचलायची. आणि विधानसभेच्या वेळी, १८ ऑक्टोबरला साताऱ्यात, शरद पवार भर पावसात बोलले. काय बोलले? विचारून बघा. लोकसभेच्या उमेदवाराच्या निवडीत आपली चूक झाली, अशी कबुली त्यात होती. नेत्याने भर सभेत चूक मान्य करणं ही खरी बातमी. पण लक्षात राहिला पाऊस. त्यानंतर छत्री बाजूला सारणं ही भाषणकलेतली मान्य पायरी झाली. ढग दिसले की कार्यकर्ते मंडप काढू लागले. भिजले पुष्कळ. पण पाऊस प्रत्येकाला मतं देत नाही, काहींना नुसती सर्दी देतो.

आता सांगोला. या विषयात मला सर्वांत जास्त रस या एका दुष्काळी तालुक्यात आहे, कारण राजकीय भाषेचा अख्खा प्रवास एकाच मतदारसंघात बघायला मिळतो. इथून शेकापचे गणपतराव देशमुख १९६२ पासून अकरा वेळा विधानसभेवर गेले. माणूस एसटीने फिरणारा. सभागृहात त्यांचं बोलणं म्हणजे पाणी, रोजगार हमी, शेतमालाचा भाव. त्यात टाळीची जागा शोधून सापडायची नाही. बातमीदारांना त्यांचं भाषण म्हणजे शिक्षा, कारण मथळाच निघायचा नाही. निघायचं ते कालव्याचं पाणी, तेही वीस-तीस वर्षांनी.

त्याच सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील २०२२ च्या जूनमध्ये, शिवसेनेतल्या बंडाच्या वेळी, गुवाहाटीच्या हॉटेलातून एका कार्यकर्त्याशी फोनवर बोलले: ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील.’ पुढे सगळं ओक्के. त्या वर्षीचं महाराष्ट्रातलं सर्वांत गाजलेलं राजकीय वक्तव्य हे भाषण नव्हतंच, तो साधा फोन होता. लोकांनी त्याची गाणी केली, टी-शर्ट छापले, लग्नाच्या वरातीत वाजवलं. विद्वानांनी नाकं मुरडली. माझं मत वेगळं आहे. त्या आठवड्यात गुवाहाटीहून आणि मुंबईहून जितकी निवेदनं निघाली, त्या सगळ्यांत विचार, निष्ठा, हिंदुत्व, स्वाभिमान, लोकशाही हे शब्द ओसंडून वाहत होते. एकट्या बापूंनी समोर जे दिसलं ते सांगितलं. डाळिंबाच्या बागांपलीकडे सावली मिळणं मुश्कील अशा तालुक्यातला माणूस आसामातली हिरवळ बघून हरखला, यात खोटं काय? अलीकडच्या राजकीय गद्यातलं इतकं प्रामाणिक वाक्य मला दुसरं आठवत नाही. २०२४ ला बापू पडले आणि गणपतरावांचे नातू निवडून आले. यावरून सिद्धांत मांडायचा मोह होतो, पण मतदाराने भाषेवर मत दिलं असं समजणं हे फक्त आम्हा लिहिणाऱ्यांचं स्वप्न आहे.

बापूंचा ‘ओक्के’ विरोधकांनी उचलला आणि त्याला ‘पन्नास खोके’ जोडले. विधानभवनाच्या पायऱ्यांवर रोज आरोळ्या. बंडासाठी पैसे घेतल्याचा आरोप सिद्ध झाला नाही, यमक मात्र झालं. तेव्हापासून यमक जुळल्याशिवाय आरोप करायचा नाही, असा जणू कामकाज सल्लागार समितीने ठराव केला आहे. मला भीती एवढीच की ज्या घोटाळ्याला यमक सापडणार नाही तो सुखरूप सुटेल. सिंचनाला यमक शोधून बघा.

दरम्यान श्रोत्याचं नातंही बदलत गेलं. आधी तो ‘नागरिकहो’ होता. मग ‘बंधू-भगिनींनो’ झाला. मग ‘मायबाप जनता’. म्हणजे नेता एकाच भाषणात श्रोत्याचा भाऊही आणि मुलगाही. ही नाती फुकट होती, म्हणून चालून गेली. २०२४ च्या जूनमध्ये अर्थसंकल्पात ‘लाडकी बहीण’ आली, महिना १,५०० रुपये, आणि मराठी भाषणाच्या इतिहासात पहिल्यांदा संबोधनाला किंमत लागली. ‘भगिनींनो’ म्हटल्यावर बायका नुसत्या बघायच्या, ‘लाडक्या बहिणींनो’ म्हटल्यावर पर्समधला मोबाइल काढून मेसेज बघू लागल्या. मग निवडणुकीत सत्ताधारी म्हणाले २,१००. विरोधक म्हणाले ३,०००. प्रचारसभा ऐकायची की लिलाव, हे मागच्या रांगेला कळेना. एकेकाळी वक्ता आकड्यांना घाबरायचा, आकडे आले की लोक उठतात असं म्हणायचा. आता आकडा आला की लोक बसतात आणि विचार आला की उठतात. निकालानंतर २,१०० च्या क्रियापदाचे हाल सुरू झाले. ‘देऊ’चं ‘देणारच आहोत’ झालं, त्याचं ‘योग्य वेळी देऊ’ झालं. ‘योग्य वेळ’ हा मराठी व्याकरणातला चौथा काळ आहे. तो शाळेत शिकवत नाहीत, मंत्रालयात शिकवतात.

राहिली ती दिलगिरी. तिचाही आता साचा पक्का आहे. पहिल्या दिवशी ‘मी असं बोललोच नाही’. दुसऱ्या दिवशी चित्रफीत निघते, मग ‘वक्तव्याचा विपर्यास केला’. तिसऱ्या दिवशी ‘कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर’. या ‘तर’ने इतक्या नेत्यांची मंत्रिपदं वाचवली आहेत की त्याला एखादं महामंडळ द्यायला हरकत नाही.

आणि आता रील. परवा एका तालुक्याच्या गावी सभेला मागे उभा होतो. नाव सांगत नाही, नेत्याचंही नाही. तसे सगळे सारखेच दिसतात, पांढऱ्या कपड्यांत. व्यासपीठासमोर खुर्च्यांच्या आधी तिवयांची एक रांग होती. त्यांच्या मागे तीन पोरं, कानात बोंडं, गळ्यात ‘टीम’ लिहिलेली ओळखपत्रं. त्यांच्या मागे जनता. नेता छान तापला होता. ‘या मातीशी गद्दारी करणाऱ्यांना ही माती माफ करणार नाही’ असं म्हणून त्याने मूठ आपटली, पाण्याचा ग्लास कलंडला, पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्याने मनापासून टाळी वाजवली. तेवढ्यात शेजारच्या रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून गेला.

सभा संपली, हार काढले गेले, लोक उठू लागले. टीममधलं सर्वांत बारकं पोरगं पायऱ्या चढून वर गेलं आणि नेत्याच्या कानाशी वाकलं. माइक चालूच होता.

‘साहेब, गद्दारीवालं परत एकदा घ्यायला लागेल. आवाज आला ट्रॅक्टरचा. आणि या वेळी मूठ डावीकडं आपटा, उजवीकडं स्पॉन्सरचा बॅनर झाकतोय.’

नेत्याने मान हलवली, केस नीट केले. निवेदक घाईघाईने माइककडे वळला आणि निघालेल्या गर्दीला हात जोडून म्हणाला, ‘मायबापहो, दोन मिनिटं बसून घ्या. टाळीचं राहिलंय.’