नामाऐवजी नेमकं कोण?

‘सर्वनाम म्हणजे नामाऐवजी येणारा शब्द.’ ही व्याख्या आपल्या पोरांना झोपेतून उठवून विचारली तरी येते. मराठीच्या तासाला एकदा आणि इंग्रजीच्या तासाला एकदा, अशी दोनदा घोटलेली असते. आता त्याच पोराला विचारा, ‘इट इज रेनिंग’मधलं ‘इट’ कोणत्या नामाऐवजी आलंय? ढगाच्या? आभाळाच्या? वेधशाळेच्या? कुणाच्याच नाही. मराठीत पाऊस आपला आपण पडतो. इंग्रजीला कर्त्याची खुर्ची रिकामी ठेवलेली चालत नाही, म्हणून तिथे ‘इट’ला बसवलंय. काम शून्य, हजेरी पूर्ण.

व्याख्या अशी लंगडी, पण प्रकारांची यादी भरगच्च. पर्सनल, पझेसिव्ह, रिफ्लेक्झिव्ह, एम्फॅटिक, डिमॉन्स्ट्रेटिव्ह, रिलेटिव्ह, इंटरॉगेटिव्ह, इनडेफिनिट, डिस्ट्रिब्युटिव्ह, रेसिप्रोकल. शालेय मराठी व्याकरण सहा प्रकारांत आटोपतं. इंग्रजीत आकडा किती, ते तुम्ही कोणतं पुस्तक उघडता त्यावर ठरतं.

गाईडमध्ये ‘दॅट’समोर ‘डिमॉन्स्ट्रेटिव्ह’ असं छापलेलं असतं आणि पोरं ते पाठ करतात. ‘दॅट इज माय बॅग’ म्हटलं तर ते खरंही आहे. पण ‘द बॅग दॅट आय लॉस्ट’ म्हटलं की तेच ‘दॅट’ रिलेटिव्ह होतं. ‘दॅट बॅग’ म्हटलं की ते सर्वनामच राहत नाही, विशेषणाच्या रांगेत जातं. ‘आय नो दॅट ही लाइड’मध्ये तर ते नुसतं उभयान्वयी. म्हणजे प्रकार शब्दाचा नसतो, त्या वाक्यात तो करत असलेल्या कामाचा असतो. आपण काम बघत नाही, दारावरची पाटी वाचतो आणि पुढे जातो.

पाटीनं कसं फसतं ते ‘हिमसेल्फ’कडे बघून कळेल. रूप एक, प्रकार दोन. ‘द मिनिस्टर हिमसेल्फ केम’मधलं ‘हिमसेल्फ’ एम्फॅटिक. ते काढून टाका, मंत्री येतातच, ताफाही येतो. ‘द मिनिस्टर प्रेझ्ड हिमसेल्फ’मधलं मात्र रिफ्लेक्झिव्ह. ते काढलं तर वाक्य लुळं पडतं आणि भाषणात काही उरतच नाही. काढून बघा, राहिलं तर एम्फॅटिक, कोसळलं तर रिफ्लेक्झिव्ह. एवढी साधी कसोटी, पण ती लावून बघायची सवय कुणी लावत नाही.

परिणाम कुठल्याही मुलाखतीच्या खोलीबाहेर ऐकू येतो. रिफ्लेक्झिव्हच्या प्रश्नाला पैकीच्या पैकी मिळवलेला उमेदवार आत जातो आणि छाती काढून म्हणतो, ‘मायसेल्फ अमुकतमुक, फ्रॉम सातारा.’ कर्त्याच्या जागी रिफ्लेक्झिव्ह! आणि गंमत म्हणजे समोर बसलेल्या साहेबांनाही त्यात वावगं वाटत नाही, कारण तेही त्याच गाईडातून वर आलेले.

पाटी आणि काम यांतली फारकत इंग्रजांनीही भोगली आहे, किंवा नेमकं सांगायचं तर त्यांच्या बायकांनी. 1850 साली ब्रिटिश संसदेनं कायदा केला की, कायद्यांतल्या पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही आल्या असं समजावं. उलट काही स्पष्ट लिहिलं नसेल तर ‘ही’ म्हणजे ‘शी’सुद्धा. छान. मग 1867 च्या कायद्यानं मतदारांची व्याख्या रुंदावली, तेव्हा मँचेस्टरच्या हजारो बायकांनी मतदार यादीत नावं मागितली. 1868 मध्ये कोर्टानं सांगितलं की, मतदानापुरता पुरुष म्हणजे पुरुषच. कर भरायला तेवढ्या बायका त्या पुल्लिंगात होत्या. त्याआधी 1867 मध्येच जॉन स्टुअर्ट मिल यांनी ‘मॅन’ काढून ‘पर्सन’ घालायची दुरुस्ती सुचवली होती. बाजूनं 73, विरोधात 196.

आता तिकडे नवा वाद पेटलाय, तो ‘दे’ एकवचनी वापरावं का, हा. 2019 मध्ये मेरियम-वेबस्टर या अमेरिकी शब्दकोशानं ‘दे’लाच वर्षाचा शब्द ठरवलं आणि शुद्धतावाद्यांचा पारा चढला. ‘अनेकवचन एका माणसाला कसं लावता?’ असं ते ज्याला विचारतात त्याला ‘यू’ म्हणूनच विचारतात. हे ‘यू’ मुळात अनेकवचनच. एकाला ‘दाऊ’ म्हणायची रीत होती, ती सतराव्या शतकात मागे पडत गेली. तेव्हापासून इंग्रज मालकाला, नोकराला आणि कुत्र्यालाही सरसकट ‘तुम्ही’ म्हणतो. शिवाय एकवचनी ‘दे’ चौदाव्या शतकापासून लेखनात सापडतं. पण गाईडात नाही, म्हणजे नाहीच!

तर प्रश्नपत्रिका काढणाऱ्या मास्तरांना आणि बाईंना विनंती. ‘अधोरेखित सर्वनामाचा प्रकार ओळखा’ हा प्रश्न एक वर्ष गाळून बघा. त्याऐवजी वर्तमानपत्रातला एक उतारा द्या आणि विचारा, यातलं प्रत्येक सर्वनाम कुणाकडे बोट दाखवतं आणि कुठलं नुसतंच खुर्ची अडवून बसलंय? ज्याला तेवढं सांगता आलं, त्याला दहा प्रकारांची नावं नाही आली तरी पूर्ण गुण द्या.